जिच

आजोबांचा राजा एकटा उरला होता. ना प्यादं, ना उंट, ना घोडा. पटाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता बिचारा. माझ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि नऊ वर्षांच्या पोराला असतो तेवढा माज. मी वजीर उचलला आणि राजापासून घोड्याच्या एका उडीवर नेऊन आपटला. आजोबांनी चष्मा सरसावला, पट नीट पाहिला आणि म्हणाले, "जिच!"

मला वाटलं, शिंकले.

मग त्यांनी समजावलं. राजाला शह नाही, पण सरकायला एक घरही नाही. कोपऱ्यातल्या राजाला घरं असतात तीन, आणि ती तिन्ही माझ्याच वजिराने अडवलेली. चाल त्यांची, पण करायला चालच नाही. डाव बरोबरीत.

"म्हणजे मी जिंकलो ना?"

"नाही. तू जिंकत होतास."

पुढे कधीतरी वाचलं, की जुन्या अरबी-फारसी शतरंजात असा राजा कोंडणारा चक्क जिंकायचा. मी चुकीच्या शतकात जन्मलो म्हणून हळहळणार, तेवढ्यात पुढची ओळ वाचली. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडात म्हणे कोंडणाराच हरायचा. त्या मानाने आजोबांकडचा अर्धा गुण बराच म्हणायचा.

हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. हिंदी-उर्दूतले शतरंजवाले अजून म्हणतात, आपल्याकडे एके काळी वर्तमानपत्रांतल्या राजकारणातही 'जिच' पडत असे. आता तिथे तिढा, पेच आणि कोंडी या तिघांचं राज्य आहे. २०१९ साली २४ ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल लागले आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शपथविधी झाला. मधल्या महिनाभरात (त्यात एक पहाटेचा शपथविधीही उरकला) या तीन शब्दांना जेवायलाही उसंत मिळाली नसेल. पण माझं म्हणणं, ते शब्द तिथे बरोबरच होते. तिढा सुटतो, पेच सुटतो, कोंडी फुटते, आणि मग डाव पुढे चालू राहतो. जिच पडली की सोंगट्या डब्यात. शिवाय कोंडीत कोणीतरी कोणाला तरी दाबत असतं. जिचेत तसं काही नाही. कोणी अंगावर येत नाही, सगळे सभ्यपणे बसलेले असतात आणि कोणालाच हलता येत नाही.

अस्सल जिच पाहायची तर माझ्या ताईकडे चला. गेल्या रविवारी आम्ही चौघं बसलो होतो. मी, ताई, भावजी आणि ताईच्या सासूबाई. मधे अळूवडीची ताटली. गप्पांच्या नादात वड्या संपत आल्या आणि एक उरली. कडेला जरा जास्त तळलेली, म्हणजे सर्वांत चांगली.

"घे रे," सासूबाई म्हणाल्या.

"छे छे, तुम्हीच घ्या."

"मला कुठं आता चावतंय?"

भावजींनी खिडकीबाहेर पाहिलं. ते शाकाहारी चित्त्यासारखे दिसत होते. पण दोन वड्यांपूर्वीच ताईने त्यांच्या पोटाचा विषय काढला होता, त्यामुळे ते घर बंद. मी घेतली तर माहेरची माणसं खादाड ठरतात. ताईने घेतली तर सुनेला वळण नाही. सासूबाईंनी घेतली तर 'चावत नाही' हे खोटं पडतं. अर्धी-अर्धी करावी, तर वडीचे पदर सुटतात आणि चार माणसांना अर्धी-अर्धी पुरतही नाही. ताटली उचलून आत न्यावी, तर पाहुण्यासमोरून खाणं उचलल्यासारखं दिसतं. शह कोणाचाच कोणाला नव्हता. वरून पंख्याचा वारा लागून वडीवरचं खोबरं तेवढं हलत होतं.

मी साडेआठला उठलो. वडी होती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "वडी फ्रीजमध्ये ठेवलीय तुझ्यासाठी. येऊन जा."

"नको गं, तूच खा."

"मी कशी खाऊ? तुझ्यासाठी ठेवलीय म्हणून सांगितलंय ना घरात सगळ्यांना!"

तेव्हा तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर कृपया वरच्या कप्प्यातल्या स्टीलच्या वाटीवरचं झाकण काढा आणि कोणालाही न विचारता ती वडी खाऊन टाका.