दीड टक्का आणि नोएडाचा फ्लॅट

(स्थळ: दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरचे सरकारी फ्लॅट. दोन गॅलऱ्या, मधे हातभर कठडा.)

— काकू, ऐकलंत का? ह्यांच्या ओळखीतले एक जण काल आले होते. नोएडातला फ्लॅट गहाण ठेवतो, 15 लाख द्या, महिना दीड टक्का व्याज देतो म्हणाले.

— म्हणजे वर्षाला 18! अगं, घर तारण आहे तर बँक त्याहून खूप स्वस्तात देते. तिला सोडून तुमच्या दारात का आले, ते विचारलंस?

— चहा देण्यात राहिलं. पण फ्लॅट आहे ना हाताशी?

— त्यांच्या हाताशी. तुझ्या हाती राहणार कागद. रजिस्ट्री झालीय का?

— फ्लॅटमध्ये राहतात की ते.

— राहतात गं हजारो! नोएडात जमीन प्राधिकरणाची. बिल्डरनं तिचे पैसे थकवले, की माणसं संसार थाटून बसतात आणि रजिस्ट्री लटकलेली. नुसतं अलॉटमेंट लेटर घेऊन काय करशील? रजिस्ट्री असली तरी लीजच्या जागेला गहाणासाठी प्राधिकरणाची परवानगी बघावी लागते. आपल्याच रस्त्यावर बघ ना, हा कर्झन रोड होता तेव्हापासून पुष्कळ जागा लीजच्या. तिथं केंद्राच्या जमीन कार्यालयाला, एल अँड डीओला विचारायचं.

— बरं, रजिस्ट्री असेल तर?

— मग बघायचं, आधीचा बोजा कुणाचा. सरसाई म्हणून तारणांची केंद्रीय नोंदवही आहे, तिच्यात थोडी फी भरून शोध घेता येतो. बँकेचं कर्ज असेल तर ती पहिली रांगेत, तू तिच्या मागं. आपल्याकडे गावाला सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचतात, तसंच हे.

— आणि पैसे बुडवलेच, तर फ्लॅट आपला?

— कसला आपला! कर्जदाराला सोडवून घ्यायचा हक्क असतो. बँकेकडे 2002 चा सरफेसी कायदा आहे. 60 दिवसांची नोटीस, मग ताबा. तुला तो लागू नाही. तू दिवाणी कोर्टात दावा लावायचा आणि तारखा मोजायच्या. व्याज 18, पण वकिलाचं मीटर वेगळं.

— मग मोबाईलवर देतात ना कर्ज, ते ॲप?

— रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच सांगितलंय, त्या पी टू पी मंडळींना तारणी कर्ज चालत नाही. तिथं घर-बीर काही नाही मागं.

— म्हणजे घरांच्या कर्जात आपल्यासारख्यांनी पडूच नये?

— पडावं, पण एका माणसाच्या फ्लॅटवर नाही. हजारोंच्या कर्जांवर मिळून. गृहकर्ज कंपन्यांचे तारणी रोखे निघतात, बहुतेक 10 हजारांपासून. पण त्यांचीच मुदत ठेव घेतलीस तर तिच्यामागं तारण नसतं, हा फरक लक्षात ठेव. डीएचएफएल आठवते? 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं संचालक मंडळ बाजूला केलं, 2021 मध्ये पिरामलनं कंपनी घेतली, आणि ठेवीदारांना एकूणात रुपयामागं साधारण 23 पैसे.

— अगंबाई! आमच्या आत्यांचे होते त्यात.

— तेव्हा व्याजापेक्षा मानांकन आधी बघ, आणि सगळे पैसे एका कंपनीत घालू नकोस. गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात, एलआयसी हाऊसिंगच्या गृहकर्जांचे रोखे राष्ट्रीय शेअर बाजारात लागले, 1,000 कोटींचे. ते अजून मोठ्यांचं ताट आहे. तू छोट्या घासानं सुरू कर.

— आणि काल आलेल्यांना काय सांगू?

— रजिस्ट्री, परवानगी, बोज्याचा शोध, एवढं घेऊन या म्हणावं. आणि पैसे रोख मागितले तर साफ नाही म्हण; 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेणं कायद्यालाच मंजूर नाही.

— आणि कागद न आणता पुन्हा आले तर?

— चहा दे. तेवढं कर्ज बुडलं तरी परवडतं.