फ्लोराइडची बासुंदी

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलंय, 'पाणी उकळून, गाळून प्या.' कावीळ आली, उकळा. हगवण लागली, उकळा. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडलं, तरी उकळाच.

यवतमाळ-चंद्रपूरकडे हे फ्लोराइड जमिनीखालच्या खडकातूनच पाण्यात उतरतं. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं, असं मानक सांगतं. आता 2 मिलिग्रॅमवालं 6 लिटर पाणी चुलीवर ठेवा. आटून 5 उरलं की लिटरमागे 2.4! जंतू मरतात, फ्लोराइड पातेल्यातच ठाण मांडून बसतं. बासुंदी अशीच होते, फक्त चारोळी घालायची राहते.

ग्रामसभेत एका आजीनं हेच विचारलं. "सायेब, पानी तं आटते. मंग त्याच्यातलं थे जाते कुठी?" साहेबांनी प्रश्न टिपून घेतला. तो बहुधा अजून त्या वहीतच उकळतो आहे.

नायट्रेटमध्ये तर आपण देश गाजवला. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात सर्वाधिक नायट्रेटवाले 15 जिल्हे आहेत, त्यांतले 7 आपले. त्यातही वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ हे चार विदर्भाचे. एका तरी यादीत अनुशेष भरून निघाला! शेतातला युरिया, गावातला उकिरडा आणि सांडपाणी, सगळ्यांनी हातभार लावला. नायट्रेटही उकळून जात नाही, हे सांगायला नकोच.

एवढं असून आमच्या गावाला पाण्यासाठी चंदेरी कार्ड मिळालं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकवलं की ते मिळतं. तपासणीत पाइपाची गळती बघतात, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा साठा बघतात, विहिरीजवळचं गटार बघतात. खडकाला ना गळती, ना गटार. आमचा खडक पहिल्या फटक्यात पास!

शाळेसमोरच्या हातपंपाला मात्र मागे कुणीतरी लाल रंग फासून गेलं होतं, म्हणजे पिऊ नका. तो रंग दांड्यावरून कधीच उडाला. बायकांच्या हातांनीच उडाला. दुसरा पंप गावाच्या पार त्या टोकाला आहे.

कार्डाच्या सत्काराला त्याच पंपाशेजारी मांडव घातला होता. पुढे शाळेची पोरं उभी केली. फोटोवाला ओरडला, "हसा रे!" गुरुजी ओरडले, साहेबही ओरडले. पण तपकिरी पट्ट्यांच्या दातांची आमची पोरं शहाणी. एकानंही ओठ उघडले नाहीत.