किंचाळणाऱ्या ब्रेकांस अनावृत पत्र

प्रति,
चारचाकीच्या पुढच्या चाकांतले ब्रेक पॅड,
मु. पो. यवतमाळ जिल्हा

स. न. वि. वि.

आपल्याविरुद्ध जिल्ह्यातल्या समस्त कारमालकांची तक्रार आहे. यवतमाळच्या दत्त चौकात, नेमके सोयरे गाडीत असताना, आपण किंचाळता. मालक तत्परतेने उपाय करतात, गाण्यांचा आवाज वाढवतात. तरी आपण ऐकत नाही.

काही गुन्हे माफ आहेत. पावसाळ्यात रात्रभर अंगणात भिजलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी दोन-चारदा ब्रेक दाबला की तो घासून निघतो आणि आवाजही जातो. वणी-राजूर पट्ट्यात कोळशाची नि चुन्याची धूळ आपल्या आणि डिस्कच्या मध्ये शिरते, तिथेही आपला इलाज नाही. पुसदकडच्या उतारावर मालक गाडी वरच्या गिअरमध्ये सोडतात आणि ब्रेकवर पाय ठेवून बसतात. आपण तापता, आपला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाऊन नुसती बोंब उरते. खालचा गिअर फुकट असतो, पण तो टाकायचा की नाही हा मालकांच्या मर्जीचा प्रश्न आहे.

तसे आपले घराणेच बोंबलणारे. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा पॅड तांब्याचे होते आणि त्यांच्या कर्कश आवाजाने लोक हैराण झाले. पुढे 1907 मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर सुचवले, तेव्हा कुठे कानांना आराम पडला. (फुप्फुसांचा हिशेब नंतर निघाला.) पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, तेही सेकंदाला हजारो वेळा. त्या थरथरीलाच मालक आपला उद्धटपणा म्हणतात.

खरा आरोप वेगळाच आहे. नव्या पॅडचे अस्तर साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असते. ते झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आले, की अनेक पॅडांच्या कडेला बसवलेली पत्र्याची बारीक पट्टी डिस्कला घासू लागते. कंपनीने हा फितूर मुद्दाम पेरलेला! गॅरेजात चाक उतरवले की ती पट्टी टोकाशी घासून चकचकीत झालेली दिसते आणि तिच्या शेजारी अस्तराची किनार जेमतेम उरलेली. मिस्त्री पॅड बदलायला सांगतो. मालक विचारतात, “नुसता आवाज बंद नाही का होत?”

होतो की! कुणीतरी सुचवलेले ग्रीस पॅडच्या तोंडावर चोपडले, की आवाज बंद आणि गाडी थांबणेही बंद. ताप सोसणारे खास ग्रीस पॅडच्या पाठीला आणि कॅलिपरच्या पिनांना लावायचे असते. पण एवढ्या चौकशा कोण करतो? मग एक दिवस ‘किर्र’चे ‘खर्र’ होते. अस्तर संपून लोखंड लोखंडाला भिडते, डिस्कवर चर पडतात आणि बिलात डिस्कचीही भर पडते.

शेवटची सूचना. पॅड दोन्ही चाकांचे जोडीने बदलतात, पण मालकांनी काटकसर म्हणून एकाच चाकाचे बदलायचे ठरवले आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढू लागली, तर दोष रस्त्याला देता येईल. आपल्या जिल्ह्यातले रस्ते या कामी कधीच कमी पडलेले नाहीत.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

समस्त कारमालकांच्या वतीने