ब्रह्म दाखवा, नाहीतर कोठडीत बसा!

छे, छे, छे! काय ही अकराव्या-बाराव्या शतकातली माणसं! कामधंदे सोडून सगळे एकाच गोष्टीच्या मागे: देव आहे ना, मग दाखवा, आणि नुसता दाखवू नका, पटवून द्या. देवाला नारळ फोडावा, नवस बोलावा, गप घरी यावं. त्याच्याकडे पुरावा मागायची ही कुठली रीत?

आपल्या अंबाजोगाईचंच घ्या. राजा जैत्रपाळाची आख्यायिका बीड जिल्ह्यात कुणी ऐकलेली नाही? येईल त्या साधूला, शास्त्र्याला एकच सवाल, ब्रह्म दाखवता का? नाही? मग व्हा आत! त्यात घाई तरी किती! एक पाय रिकिबीत, आणि दुसरा पडायच्या आत ब्रह्म हजर पाहिजे. अहो, तलाठ्याकडून सातबारा निघायलासुद्धा याहून जास्त वेळ लागायचा! शेवटी मुकुंदराज आले, त्यांनी राजाची समाधी लावून दिली आणि बिचारे कैदी सुटले. एवढ्यावर प्रकरण मिटावं की नाही? नाव नको! राजाच्या आग्रहाखातर म्हणे अख्खा ग्रंथच झाला: विवेकसिंधू, शके 1110, म्हणजे 1188. 18 प्रकरणं, सोळाशेहून जास्त ओव्या, शिष्याने शंका काढायची नि गुरूने ती निस्तरायची. बरं, हे शास्त्री-पंडितांपुरतं संस्कृतात तरी ठेवायचं! पण नाही, थेट मराठीत. म्हणजे आता कुणीही उठावं आणि जीव, जगत, ब्रह्म यांवर तोंड उघडावं? मग उघडलंच की सगळ्यांनी. आजतागायत मिटलेलं नाही.

आपल्याला वाटायचं, ही हवा बालाघाटाच्या डोंगरातलीच. कसलं काय! तिकडे युरोपात तर ताळतंत्रच सुटलं होतं. नॉर्मंडीतल्या बेकच्या मठातला अँसेल्म, चांगला सज्जन संन्यासी, पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. 1077च्या सुमारास त्याच्या डोक्यात शिरलं की देव आहे हे एकाच युक्तिवादात सिद्ध करायचं. झालं! अन्न गोड लागेना, झोप येईना, प्रार्थनेत लक्ष लागेना. त्याला स्वतःलाच शंका आली, ही सैतानाची करणी तर नव्हे? एका रात्री युक्तिवाद सुचला. मेणाच्या पाट्यांवर लिहून ठेवला, तर पाट्या गायब. पुन्हा लिहिला, तर पाट्या फुटून जमिनीवर! देवाला स्वतःची सिद्धता नको होती की काय?

आणि युक्तिवाद काय, तर ज्याहून मोठं काही कल्पनेतच येत नाही, तो देव. आता असा देव नुसता डोक्यात असला, तर डोक्यात आणि बाहेरही असलेला त्याहून मोठा ठरेल. म्हणून तो बाहेरही असलाच पाहिजे. वाचा, पुन्हा वाचा. काहीतरी गडबड आहे, पण कुठे ते सापडत नाही ना? ती शोधून काढायला गौनिलो नावाचा दुसरा संन्यासी पुढे सरसावला. म्हणाला, मग मी कल्पनेत सगळ्यात उत्तम बेट आणतो, तेही कुठेतरी असणारच, नाही का? अँसेल्म चिडला? छे! उलट म्हणाला, याचा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही माझ्या पुस्तकाला जोडा. व्यसन म्हणतात ते याला!

पीटर डेमियन नावाच्या आणखी एका संन्याशाचं तर विचारूच नका. व्याकरणाचा पहिला मास्तर सैतान, असं सांगत फिरणारा हा माणूस. का, तर सैतानाने 'तुम्ही देवांसारखे व्हाल' म्हणून देवाचं अनेकवचन शिकवलं. तर्कबिर्क सगळं त्याला वर्ज्य. आणि स्वतः काय केलं? घडून गेलेली गोष्ट देव न घडलेली करू शकतो का, यावर लांबलचक पत्र लिहिलं. नावं ठेवायची आणि तेच करायचं!

पण कळस केला पॅरिसच्या आबेलारने. देखणा, बोलका आणि वादात गुरूचीही भीड न ठेवणारा. शिष्या एलोईजवर जीव जडला, पोर झालं, चोरून लग्न झालं. तिच्या काकाने रात्री माणसं घालून त्याला जन्माची अद्दल घडवली. एवढं झाल्यावर तरी माणसाने सुधारावं? त्याने त्रैक्यावर पुस्तक लिहिलं, 1121मध्ये स्वासोंच्या धर्मसभेने ते त्याच्याच हाताने आगीत टाकायला लावलं. मग तो रानात जाऊन राहिला, तर पोरं शहर सोडून तिथे पोचली, झोपड्या बांधून, जाडीभरडी भाकरी खाऊन शिकायला बसली! आईबापांनी काय करायचं? वर 158 प्रश्न काढून प्रत्येकाखाली धर्माचार्यांची एकमेकांना छेद देणारी वचनं मांडली आणि उत्तर दिलंच नाही. काडी लावून दिली आणि मजा बघत बसला. पुढे साँसच्या धर्मसभेत त्याच्या विरोधात उभ्या ठाकलेल्या बर्नार्ड नावाच्या मठाधिपतीने आदल्या रात्रीच बिशपांची मोट बांधून ठेवली, म्हणून आबेलार हरला. राजकारण काय फक्त बीडमध्येच चालतं?

तर असं हे खूळ. पुढे 400 वर्षांनी अंबाजोगाईतच संतकवी दासोपंतांना कागद पुरेना, म्हणून त्यांनी पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा, विचार चाळीसेक फूट लांब पासोडीवर लिहून काढला. शिवाय सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव वेगळाच! माणसाने किती समजावून सांगावं?

आपण मात्र शहाणे, या भानगडीत पडत नाही. हो ना? मग मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे, हा विषय निघाला की चहा गार का होतो? जैत्रपाळ नेमका कोण, विवेकसिंधू आधी की लीळाचरित्र, यावर लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून वाद कोण घालतं? आंभोऱ्याची मंडळी वैनगंगेचं नाव पुढे करतात, आम्ही डोंगरातली समाधी दाखवतो. कुणाला वाटत असेल की आपलं म्हणणं पक्कं आहे, तर जरूर यावं. चहा आमच्याकडून. निकाल अंबाजोगाईच्याच बाजूने लागेल, तेवढं मनाची तयारी करून या.