राणीछापाची घट

सोलापूरच्या सराफ बाजारात व्हिक्टोरिया राणीची किंमत काउंटरच्या कोणत्या बाजूने तिच्याकडे पाहता त्यावर ठरते. मोहोळकडची आजी माळेतले राणीछाप रुपये मोडायला आणते तेव्हा राणी निव्वळ भंगार. झीज वजा, कडीच्या डाकाची घट वजा, वर ‘हल्ली याला कोण विचारतंय, मावशी!’ धनत्रयोदशीला तेच नाणं चिंचेने घासून मखमली डबीत बसतं आणि एकदम दुर्मीळ होतं.

गणित काही गुप्त नाही. १९३९पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४०पासून, युद्धाच्या धामधुमीत, सरकारनेच चांदी निम्म्यावर आणली. आजीची राणी तर १९०१ सालीच वारलेली, पण हिशेब मात्र १९४०च्या रुपयाचा लागतो.

याला फसवणूक म्हणावं तर तराजू चोख आहे, आणि पावती आजीने मागितलीच नव्हती. संग्राहकांचं मन अधिक कोमल. ते आजीला निम्मे पैसे टेकवतात, दोन्ही हात जोडून निरोप देतात आणि घरी गेल्यावर नाण्याला ओरखडा पडू नये म्हणून सुती हातमोजे घालतात.