चिरंजीवांची बुगडी

मिलवॉकी, विस्कॉन्सिन
(बाहेर उणे ११, घरातलं भांडण मिटलेलं)

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सूनबाईचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी "चालताना कानात घालायला तसलं काहीतरी पाठवा" असं फर्मावलं, त्याला दोन महिने झाले. वस्तू वीसेक डॉलरची. एवढा उशीर का झाला, हे कॉलवर सांगता येत नाही, कारण तेव्हा शेजारी तुमचे चिरंजीव बसलेले असतात. म्हणून पार्सलात ही चिठ्ठी.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा ऐकवला आणि चिरंजीव मिशिगन सरोवराच्या काठानं, ओक लीफ ट्रेलवर पळू लागले. 'पळू लागले' यावरून आईंनी भलती कल्पना करून घेऊ नये. दूध उतू जाताना आई देवघरातून ओट्याकडे जातात, त्याहून वेग कमीच. पण पळताना कानात गाणी हवीत असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि घरात कानातल्यांची खरेदी सुरू झाली. सूनबाईच्या कानातल्यांची नव्हे.

पहिली जोडी बिनतारी, पांढरीशुभ्र. तिसऱ्या दिवशी उजवं कानातलं बर्फात पडलं. पांढऱ्यात पांढरं. वसंतात बर्फ वितळला तेव्हा सापडलं, तोवर डावं कचऱ्यात गेलं होतं.

दुसरी जोडी घामानं गेली. खोक्यावर 'आयपीएक्स४' लिहिलेलं होतं. वस्तू मेल्यावर चिरंजीवांनी त्याचा अर्थ शोधला आणि आठवडाभर जेवताना सगळ्यांना शिकवला. 'आयपी'पुढची पहिली जागा धुळीची, दुसरी पाण्याची. पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीबद्दल कंपनीनं काहीच कबूल केलेलं नाही. पाण्याच्या जागी ४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालेल, ५ म्हणजे नळीची धार सोसेल, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी जगेल. आता गंमत पाहा: ७ मिळालेली वस्तू ५ ची धार सोसेलच असं नाही. बारावी झालेला दहावी झालेला असतोच, तसा हा हिशेब नाही. दोन्ही परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. शिवाय परीक्षा असते साध्या पाण्याची, आणि घाम खारट. ओलं कानातलं तसंच डबीत कोंबून चार्जिंगला लावलं की आतल्या धातूच्या टिकल्या गंजू लागतात. चिरंजीव रोज नेमकं तेच करत होते. नातीनं विचारलं, "बाबा, पुसून का नाही ठेवलं? आजी तर चमचासुद्धा पुसून ठेवते." त्या रात्री जेवण शांततेत झालं.

तिसरी जोडी ऑफिसातल्या एकाकडून स्वस्तात, वापरलेली घेतली. पुसणं आता कडक होतं, पण बॅटरी म्हातारी होती. बाबांच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन नवे आणायचे. इथे बोराएवढ्या लिथियमच्या बॅटऱ्या आत चिकटवून बंद केलेल्या. चार्ज करकरून त्यांची ताकद उतरते, थंडीत आणखी उतरते, आणि बहुतेकांत बॅटरी बदलायची सोयच नसते. फेअरफोन या डच कंपनीनं २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारी बिनतारी जोडी काढली खरी, पण तेव्हा किंमत होती १४९ युरो. ती ऐकून चिरंजीवांनी पाणी मागितलं.

मग हाडांतून ऐकवणारं यंत्र आलं, मित्राचं, आठवड्याच्या बोलीवर. ते कानाच्या पुढच्या हाडावर टेकतं आणि कान मोकळा राहतो. सूनबाईला ते फार आवडलं, कारण इथे मागून येणारा सायकलवाला "ऑन युवर लेफ्ट" असं ओरडतो. म्हणजे मी तुझ्या डावीकडून पुढे जातोय. चिरंजीव सांगलीच्या रहदारीत वाढलेले. 'लेफ्ट' ऐकलं की इमानदारीत डावीकडे सरकतात. पूर्वी ओरडा ऐकूच येत नव्हता, आता ऐकून सरकू लागले. एक सायकलवाला गवतात गेला.

शेवटी उत्तर गावातच सापडलं. कॉस ही कंपनी इथलीच, मिलवॉकीची. १९५३ मध्ये जॉन कॉस यांनी लग्नात सोफ्यासाठी मिळालेल्या पैशांचे टीव्ही घेतले आणि हॉस्पिटलातल्या रुग्णांना भाड्यानं दिले. नव्या नवरीनं ते कसं खपवून घेतलं, हा सूनबाईचा खरा प्रश्न. पुढे १९५८ मध्ये त्यांनी मार्टिन लँग या इंजिनिअरबरोबर सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर प्रदर्शनात मांडला. लोकांनी प्लेअरकडे पाहिलंही नाही. सोबत ठेवलेल्या हेडफोनवर मात्र उड्या पडल्या.

त्यांचं 'केएससी ७५' म्हणजे तारेचं, बॅटरी नसलेलं, कानावरून अडकवायचं प्रकरण. आरशासमोर चिरंजीवांनी ते पहिल्यांदा अडकवलं तेव्हा सूनबाईला आईंची बुगडीच आठवली. दिसायला बावळट, पण पळताना पडत नाही, आणि स्पंज कानावर नुसता टेकलेला असल्यानं सायकलवाले ऐकू येतात. घामाचा कसलाही आकडा त्याच्यावर नाही, सरीत घालू नये. स्पंज फाटतो, नवा स्वस्तात मिळतो. चिरंजीवांच्या फोनला तारेचं भोक नाही, त्यामुळे ९ डॉलरचं जोडतुकडं घ्यावं लागलं. आतापर्यंत दोन हरवली.

कंपनी अमेरिकेत घेतलेल्या मालाला आजन्म हमी देते, थोड्याफार अटी घालून. पण सांगलीहून परत धाडायचा खर्च वस्तूहून जास्त, म्हणून बाबांसाठी दोन नग ठेवले आहेत. बाबांच्या फोनला भोक आहे, जोडतुकडं लागणार नाही. तार सदऱ्याच्या आतून घ्यावी, फोन खिशात ठेवावा, आणि काढताना तार न ओढता टोकाची पिन धरून काढावी. तार पिनेच्या मानेपाशीच तुटते. आयर्विन पुलावर आवाज निम्म्याहून कमी ठेवावा.

पार्सल आणणाऱ्यांच्या हाती परतीला भडंग द्यावं. दोन किलो पुरे.

आपली,
सूनबाई

ता. क. तारेला गाठ बसली तर दातांनी सोडवू नये. चिरंजीवांनी सोडवून पाहिली आहे, म्हणूनच दोनऐवजी तीन नग घ्यावे लागले.