एका वर्षात शहाणे होण्याची खात्रीशीर पद्धत

आयुष्याचे धडे घ्यायला कुणी नर्मदा परिक्रमेला जातं, कुणी इगतपुरीला दहा दिवस तोंड मिटून बसतं. त्यांच्याविषयी आदर आहेच, पण त्याला रजा फार लागते. गेल्या वर्षभरात मला घरबसल्या, किंबहुना जिन्यातल्या जिन्यात, जे ज्ञान प्राप्त झालं त्याची कृती होतकरूंसाठी इथे देतो. आपल्या हाउसिंग सोसायटीचं सेक्रेटरी व्हावं.

आता व्हायचं कसं? इच्छा अजिबात बोलून दाखवू नये. इच्छुक माणसाचा लोकांना संशय येतो. फक्त वार्षिक सभेला जावं आणि नेमक्या वेळी उठावं. मी मुलीचा फोन आला म्हणून गेटपर्यंत गेलो होतो. परत येतो तर पार्किंगमध्ये टाळ्या चालू. आधीचे सेक्रेटरी मुलाकडे परदेशी निघाले होते आणि त्यांच्या जागी मी 'सर्वानुमते' आलो होतो. (कायद्याप्रमाणे सेक्रेटरी व्यवस्थापक समिती निवडते. सोळा फ्लॅटच्या इमारतीत समिती, सभासद आणि वॉचमन एकाच सतरंजीवर असतात, तेव्हा इतकं बारीक बघू नये.) त्याच रात्री मला एक किल्ल्यांचा जुडगा, तीन रजिस्टरं आणि पाण्याच्या मोटारीचा स्वभाव सुपूर्द करण्यात आला. मोटार सुरू करताना उजवीकडून एक चापट मारायची असते. हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही.

पहिला धडा वेळेचा. सभेची नोटीस चौदा दिवस आधी काढावी लागते. ती काढावी, लिफ्टच्या आरशाशेजारी लावावी आणि ती कुणी वाचेल ही आशा तिथेच चिकटवून खाली यावं. गणपूर्तीसाठी दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यातला कमी आकडा लागतो. म्हणजे आमच्यात अकरा. सहा वाजता आलो आम्ही तिघे, त्यात एक जण गाडी पुसायला आलेला. मग सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यायची. तिला गणपूर्ती लागत नाही. सहकाराच्या नियमांत माणसाच्या स्वभावाची इतकी अचूक ओळख आणखी कुठे सापडणार नाही. लोकही बरोबर साडेसहालाच उतरतात.

पैशांबद्दल थोडक्यात. मेंटेनन्स थकला तर वर्षाला एकवीस टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. लावता येतं, लावून बघावं. सात महिने थकलेल्या गृहस्थांनी भर सभेत मला फिनेलचे एकशे ऐंशी रुपये कशाला लागले याचा जाब विचारला. पावती दाखवली, तर म्हणाले, "बाटली दाखवा." मी बाटली दाखवली. आता मी रिकाम्या बाटल्याही जपून ठेवतो.

खरं शिक्षण मात्र गळतीत आहे. २०२ मधल्या वहिनींचा फोन आला, "भाऊजी, छत बघायला या." बाथरूमच्या छतावर श्रीलंकेएवढा डाग होता. बघता बघता त्याचं ऑस्ट्रेलिया झालं. वर ३०२ मध्ये काका. काकांनी मला चपला काढायला लावून बाथरूमच्या फरशीवर हात फिरवायला लावला. "आहे ओल? सांगा ना, आहे?" नव्हती. उपविधी सांगतात की गच्चीची गळती सोसायटीने काढायची, आणि संडास-सिंकसारखी आतली गळती ज्याच्या घरातून होते त्याने. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. काकांनी चष्मा लावला, पान शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "छपाई चांगली आहे."

मग प्लंबर आणला. त्याने काकांच्या नाणी ट्रॅपला बोळा मारला, पाण्यात नीळ कालवली आणि फरशीवर चार बोटं पाणी तुंबवून ठेवलं. (नाणी म्हणजे नहाणी, हे मला पन्नाशीनंतर कळलं. वर्षाची ही मिळकतही धरावी.) तिसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर निळं बोट उमटलं. मी फोटो काढला आणि विजयी मुद्रेने वर गेलो. काकांनी फोटो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला.

"नीळ काय आमच्याच घरात असते का?"

त्या दिवशी मला कळलं की पुराव्याने प्रश्न सुटत नसतात. सुटले ते जानेवारीत. काकांच्या नातवाची मुंज निघाली, पाहुणे चाळीस, आणि इमारतीत एकच फ्लॅट असा की ज्याचा हॉल मोठा आणि मुलं बाहेरगावी: २०२. वहिनी म्हणाल्या, "या की, आमचं घर ते तुमचंच. फक्त बाथरूममध्ये छत्री लागते." मुंजीच्या आठ दिवस आधी काकांकडे फरशी उखडली गेली. आत पाइपचा सांधा फुटलेला निघाला. त्यावर काका जे बोलले ते मी इतिवृत्तात घेतलेलं नाही. मुंजीत बुंदीचे लाडू छान होते.

बाकी किरकोळ: टँकर बोलावला की पहाटे तीनला येतो आणि त्याच दिवशी नळालाही पाणी येतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'लिफ्ट बंद आहे' लिहिलं की दोघे हात जोडतात, एक जण शुभ सकाळचं फूल पाठवतो. उत्तर देऊ नये.

पदवीदान समारंभ सप्टेंबरअखेर असतो, कारण वार्षिक सभा तीसच्या आत घ्यावी लागते. यंदा मी राजीनामा खिशात ठेवून बसलो होतो. अहवाल, जमाखर्च, लेखापरीक्षकाची नेमणूक झाली. आयत्या वेळच्या विषयांत राजीनामा वाचला. पार्किंगमध्ये सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं. एवढ्यात ४०४ मधला तरुण, मार्चमध्येच फ्लॅट घेतलेला, पाणी प्यायला उठला. तो कूलरपर्यंत पोहोचायच्या आत मी सूचक झालो होतो. अनुमोदनाला सहा हात वर गेले, त्यात काकांचे दोन. ग्लास घेऊन तो परत आला तेव्हा टाळ्या चालू होत्या आणि मी जुडग्यातून मोटारीची किल्ली शोधत होतो.